चाकांची पेटी

विश्रामदादांच्या हातात कोणतीही बंद वस्तू आली, की ते ती आधी कानाशी नेतात आणि हलवतात. उघडायचं वगैरे नंतर. मिठाईचा पुडा असो, औषधाची बाटली असो, नाहीतर लग्नात आलेला आहेर असो. डोळे मिटायचे, वस्तू दोन्ही हातांत धरायची, एकदा आडवी हलवायची, एकदा उभी, आणि मग निकाल सांगायचा. आमचा मिक्सर दुरुस्त होऊन आला तेव्हा मी तो त्यांना नुसता दाखवत होते. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि म्हणाले, "वैनी, आत एक इस्क्रू मोकळा फिरतोय." मी तशीच दुकानात भांडायला गेले. मिक्सर उघडला तर खरोखरच आत एक स्क्रू सुटा पडलेला. तेव्हापासून तो दुकानदार मला खुर्ची देतो.

पण असलं कौतुक रोजचं झालं की माणूस वैतागतो. माझ्या सासूबाईंनी गावाहून बेसनाचे लाडू पाठवले. डबा नेमका दारातच विश्रामदादांच्या हातात पडला. त्यांनी कान लावला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "पाच फुटले हायेत. भरनाराचा हात ढिला हाय." मी तेव्हा सासूबाईंशीच फोनवर बोलत होते. पुढे दिवाळीपर्यंत आमच्याकडे लाडू आले नाहीत.

आम्ही राहतो रत्नागिरीत, नाचण्याला. आमचं घर आणि विश्रामदादांचं घर यांच्यामध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा आहे. मी सरकारी कचेरीत कारकून. माझा नवरा लोट्याला केमिकलच्या कारखान्यात पाळीवर असतो आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो. मुलगी पुण्याला शिकायला. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस गडग्याच्या अलीकडे मी एकटी आणि पलीकडे विश्राम धोंडू मांडवकर एकटे. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आई होती तोवर आई होती. एक भाऊ मुंबईला गिरणीत होता, तोही जाऊन बरीच वर्षं झाली. आईबापांनी नाव मात्र विश्राम ठेवलं, ते कोणत्या आशेनं कोण जाणे. या माणसाला मी दहा मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलेलं नाही.

जन्मभर त्यांनी एकच काम केलं. आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, समुद्राकाठच्या कातळाच्या पठारावर, नानासाहेबांची हापूसची बाग आहे, तिथे आंब्याच्या पेट्या भरल्या. पेटी भरणं म्हणजे खोक्यात आंबे घालणं, असं मलाही वाटायचं. एकदा मे महिन्यात मी बागेत गेले आणि तसं बोलून बसले. त्यांनी मला तासभर उभं करून दाखवलं. तळाला पेंढा, त्यावर सारख्या वजनाची फळं, सगळे देठ एका दिशेला, मधल्या फटीत पेंढ्याची चिमटीएवढी गाठ, मग पुन्हा पेंढा, पुन्हा थर. झाकण ठोकायच्या आधी पेटी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायची आणि कान लावायचा. एक फळ जरी सरकल्यासारखं वाटलं, तरी सगळी पेटी रिकामी करून पहिल्यापासून. "पेटीत काय हालता नये, वैनी. येकदा हालला की समजा नासला."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. कारण त्यांच्या घरातही काही हलत नाही. कपबशा पेंढ्यात, अंडी पेंढ्यात, जादा चष्मा पेंढ्यात. कपाट उघडलं की आतून भांड्यांचा आवाज म्हणून यायचा नाही. चहा करायला घेतला की कप बाहेर काढून त्यातल्या काड्या फुंकायच्या आणि मग चहा ओतायचा. त्यांच्याकडे चहा प्यायल्यावर मी घरी येऊन दात बघते.

तर असे हे विश्रामदादा या जूनमध्ये निवृत्त झाले. हंगामातली शेवटची पेटी गेली आणि नानासाहेबांनी बागेतच छोटा समारंभ केला. शाल दिली, नारळ दिला आणि एक पाकीट दिलं. दादांनी पाकीट कानाशी हलवलं. "कागद हाय," म्हणाले.

कागद क्रूझच्या तिकिटाचा होता. नोव्हेंबरात मुंबईहून निघायचं, पाच दिवस समुद्रात फिरायचं, लक्षद्वीप बघायचं आणि परत. झालं होतं असं, की कामाला लागल्या वर्षी कधीतरी, सड्यावरून लांब जाणारं जहाज बघून विश्रामदादा म्हणाले होते, "येकदा ह्या बोटीत बसाय पायजे." ते स्वतः विसरून गेले. नानासाहेबांनी लक्षात ठेवलं. नानासाहेब म्हणाले, अजून एक काढतो, कुणाला तरी बरोबर घे. दादांनी विचार करायला दोन दिवस घेतले आणि सांगितलं, येकच बास.

तिकीट देऊन नानासाहेब मोकळे झाले, आणि समारंभ संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, याला मुंबईच्या गाडीत बसवायची जबाबदारी तुमची. पुढे माझा मुलगा बघेल." ते असं का म्हणाले हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. मागे एकदा आळीतली मंडळी अष्टविनायकाला निघाली होती. विश्रामदादाही निघाले, गाडीत बसले, आणि हातखंबा आल्यावर "माज्याच्यान नाय होयाचा" एवढंच बोलून उतरले. एका टेम्पोत बसून तासाभरात घरी हजर. त्याआधी तयार होऊन दारात उभे असताना पंढरपूरच्या बसला नुसताच नकार दिला, आणि एकदा कुणाच्या तरी लग्नाला कोल्हापूरला जायचं म्हणून बॅग भरली ती तशीच उपसली. रत्नागिरी सोडून हा माणूस एक रात्र कुठे राहिलेला नाही. यावेळी तरी हे जातात की नाही, याचीच धाकधूक सगळ्यांना होती, आणि ती जबाबदारी आता माझ्या गळ्यात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते गडग्यापाशी आले. हातात क्रूझवाल्यांनी पाठवलेली यादी होती, सगळी इंग्रजीत. प्रवासाला अजून महिना होता.

"वाचा. एकेक वाचा. गडबड नको."

मी वाचलं, एक पोहण्याचा पोशाख.

"कशाला?"

"बोटीवर पोहायचा तलाव असतो."

त्यांनी यावर बराच विचार केला. "म्हंजे खाली समुद्र. समुद्रात बोट. नि बोटीत परत पानी?"

"हो."

"आनि ता तेंनी मुद्दाम भरलेला असता?"

"हो, दादा."

"आमच्या हकडं बोटीत पानी आला तर मानसां उपसतात," म्हणाले आणि मला पुढे वाचायची खूण केली.

पुढे होतं, कप्तानाबरोबरच्या जेवणासाठी एक चांगला पोशाख. त्यावरून ते आठवडाभर बेचैन होते. कप्तान आपल्याशी काय बोलणार? आपण कप्तानाशी काय बोलायचं? त्याला आंब्यातलं काय कळत असेल? आणि मुख्य म्हणजे कप्तान जेवायला बसल्यावर बोट कोण हाकणार? मी म्हटलं, दुसरा कोणीतरी असेल. "म्हंजे नवशिका," ते म्हणाले आणि पुन्हा बेचैन झाले. शेवटी शिंप्याकडून पांढरा सदरा आणि काळी पँट शिवून घेतली. शिंप्यानं कपडे कागदात बांधून दिले, ते त्यांनी दुकानातच हलवून बघितले.

मग बॅग आली. नानासाहेबांच्या मुलानं मुंबईहून पाठवली होती. निळी, टणक प्लास्टिकची, चार चाकांची. विश्रामदादांनी ती अंगणात उभी केली, बोटानं ढकलली, ती घरंगळत गडग्याला येऊन थडकली. ते तिच्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की मला बॅगेची दया आली.

"पेटीत काय हालता नये म्हनून मी जलम घालवला. आनि ही पेटीच हालते!"

"चाकं आहेत ती. ओढायला सोपी पडते."

"कोन ओढनार? मी खांद्यावर घेनार."

पहिल्यांदा त्यांनी बॅग भरली ती नव्या पेंढ्यात. भाताची कापणी नुकतीच झाली होती. कुणाच्या तरी शेतावरून त्यांनी ताजा, पिवळाधमक पेंढा मागून आणला. तळाला पेंढा, त्यावर घडी केलेले सदरे, सगळ्यांच्या कॉलर एका दिशेला. मधल्या फटीत मोजे. पुन्हा पेंढा. मी ऑफिसातून आले तेव्हा ते बॅग छातीशी धरून अंगणात डोळे मिटून उभे होते.

"दादा, हे चालणार नाही. बंदरावर सामान तपासतात. पेंढा बघून ते सगळी बॅग उपसतील."

"उपसू देत. परत भरीन."

"तिथे? रांगेत?"

रांगेत आपल्यामागं माणसं ताटकळतील हे मात्र त्यांना पटलं. पेंढा निघाला. आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली. कारण पेंढा काढल्यावर त्या बॅगेत उरलं काय? चार सदरे, दोन पँटी, एक लुंगी, पोहण्याचा पोशाख, दाढीचं सामान, टॉवेल, चपला. बॅग निम्मीसुद्धा भरेना. हलवली की आतला सगळा संसार या कडेचा त्या कडेला जायचा.

"येकट्या मानसाचा सामान पेटी भरत नाय, वैनी," ते म्हणाले. अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं.

मी म्हटलं, लहान बॅग घेऊ. तर नानासाहेबांच्या मुलाला वाईट वाटेल म्हणाले.

त्या पंधरा दिवसांत माझं डोकं फिरायचं बाकी होतं. मी संध्याकाळी चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच पलीकडून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज यायचा. मग हलवणं. मग हताश "छ्या!" मग पुन्हा चेन. ब्रश वाजतो म्हणून ब्रश मोज्यात. मोजा सरकतो म्हणून मोजा चपलेत. चपला आपटतात म्हणून चपला टॉवेलात. मग टॉवेल कमी पडतो म्हणून मी आमचा एक टॉवेल दिला. समोरच्या घरातून एक उशीचा अभ्रा आला. माझ्या नवऱ्यानं सुट्टीला आल्यावर स्वतःचा स्वेटर दिला. रत्नागिरीत त्याचा उपयोग नव्हताच. शेवटी बॅगेत विश्रामदादांचं सामान कमी आणि आळीचं जास्त झालं. कप्तानानं ती उघडली असती तर त्याला वाटलं असतं, आठ माणसं आली आहेत.

मी ओरडायचेसुद्धा. "दादा, ती बॅग आहे, आंबे नाहीत त्यात! हलली तर हलली!" त्यावर ते अंगणात फेऱ्या मारायचे. गडग्याच्या कडेनं पुढे, विहिरीपर्यंत, परत. कधी काहीतरी विचारायला यायचे, तोंड उघडायचे आणि "नाय, काय नाय" म्हणून वळायचे. मी मनात म्हणायचे, घाबरलेत. समुद्राला घाबरलेत. हे काही जात नाहीत. मी नानासाहेबांना तसं फोनवर सांगूनही टाकलं. ते हसले आणि म्हणाले, बघू या.

निघायचा दिवस उजाडला. गाडी दुपारची होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अकराला दादांच्या ओटीवर गेले तेव्हा ते नव्या पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. कप्तानासाठी शिवलेला होता तोच. बॅग त्यांच्यासमोर भिंतीला टेकवून उभी.

"हलवून बघा," ते म्हणाले.

मी दोन्ही हातांनी उचलली, कान लावला, हलवली. आडवी, उभी. आतून काही म्हणता काही आवाज आला नाही. मी मनापासून म्हटलं, "दादा, झकास भरलीत."

"व्हय. भरलेय नीट."

रिक्षा आली. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. विश्रामदादा उठले नाहीत.

"चला."

ते जमिनीकडे बघत होते. "माज्याच्यान नाय होयाचा, वैनी."

माझा संताप झाला. पंधरा दिवसांची चेन, पंधरा दिवसांचे ते "छ्या", माझा टॉवेल, अर्धी रजा, नानासाहेबांना काय तोंड दाखवू, सगळं एकदम वर आलं. "आता काय राहिलं? काय हललं आता?"

"काय हालला नाय."

"मग समुद्राची भीती वाटते? सांगा तसं!"

"समुद्राचा काय भ्या? रोज बगतो मी त्येला."

"मग उठा ना हो!"

ते उठले, पण रिक्षाकडे गेले नाहीत. आत गेले आणि पत्र्याचा एक डबा आणि ब्रश घेऊन आले. आंब्याच्या पेट्यांवर नावं घालायचा काळा रंग. मग त्यांनी बॅग फिरवली. भिंतीकडची बाजू माझ्याकडे आली. त्या निळ्या झाकणावर, सुबक, ठसठशीत अक्षरांत त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, "घेणार – विश्राम धोंडू मांडवकर." रंग केव्हाच वाळलेला होता. त्याच्या वर "पाठवणार" एवढाच शब्द होता. पुढची जागा कोरी.

"प्रत्येक पेटीवर दोन नावां असतात," ते म्हणाले. "पाठवनाराचा नि घेनाराचा. येका नावाची पेटी मी कवा भरली नाय."

"अहो दादा, ही तुमच्याबरोबरच जाणार आहे. बॅगेला एकच नाव लागतं."

"घेनारा गावला नाय तर पेटी पाठवनाराकडं परत येते. पाठवनाराचा नाव नसंल तर ती वखारीत पडून ऱ्हाते. बगितलंय मी. फळां चांगली असतात, पन तशीच नासतात."

"पण घेणारे तुम्हीच आहात ना?"

"व्हय. पन मी गावलो नाय तर?"

रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला. मी त्याला हातानं थांब म्हटलं.

"बोटीवर कोन वळखीचा नाय," विश्रामदादा हळू बोलत होते, डब्याचं झाकण उघडत, बंद करत. "काय झाला, तर तेंनी ही पेटी कुठं धाडायची? कोनाला सांगायचा? बोटीवाल्यांनी विचारला तर काय सांगू, कुठनं आलो?"

"नानासाहेबांचं नाव घाला. तिकीट त्यांनीच दिलंय."

"तेंचे लई उपकार हायेत. पन ही तेंच्या बागेतनं निघालेली पेटी नाय." मग म्हणाले, "चार दिस झाले, तुमाला विचारनार व्हतो."

मला एकदम स्वतःची शरम वाटली. हा माणूस चार दिवस गडग्यापर्यंत येऊन परत जात होता आणि मी आतून त्याला भित्रा म्हणत होते. मला रडूही येत होतं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी जरा रागातच म्हटलं, "इकडे द्या तो ब्रश."

मी कधी पेटीवर नाव घातलेलं नाही. ब्रशावर रंग जास्त आला. नाव जमलं, नवऱ्याचं नाव जमलं, आडनावापर्यंत अक्षरं इतकी मोठी झाली की कडेला जागा संपली. एक ओघळ खाली आला.

"ल्हान लिवायचा, वैनी," ते माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले. "पत्त्याला जागा ठेवाय लागते."

मग पत्ता मी खाली लिहिला. घर नंबर, नाचणे, रत्नागिरी. मोबाइलचा नंबरही घातला. त्यांनी ते सगळं एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. नंबर दोनदा वाचला. वाचून झाल्यावर पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि स्वतःहून रिक्षात जाऊन बसले.

रंग ओला होता, म्हणून स्टेशनपर्यंत त्यांनी बॅग मांडीवर उभी धरली होती, नाव बाहेरच्या बाजूला, कशाला लागू नये म्हणून. येणारेजाणारे वाचत होते. फलाटावरही त्यांनी ती खांद्यावर घेतली, चाकांना जमिनीला लागू दिलं नाही. गाडी आली, मी त्यांना जागेवर बसवलं आणि खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिले. ते उतरतात की काय म्हणून माझा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. पण ते बसून होते. दोन्ही हात मांडीवर, अगदी स्वस्थ.

गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून विचारलं, "शनवारी मी येन. घरी असाल ना?"

"असेन की. मी कुठे जातेय?"

त्यांनी मान हलवली. गाडी बोगद्याकडे वळेपर्यंत मी तिथेच थांबले.

शनिवारी मला केळशीला माहेरी जायचं होतं. आईची तब्येत बरी नसते, दोन महिने जाईन जाईन म्हणत होते. फलाटावरूनच आईला फोन लावला आणि सांगितलं, या शनिवारी येत नाही, पुढच्या शनिवारी येते. आईनं विचारलं, का गं, काय निघालं?

मी म्हटलं, "अगं, आमच्याकडचं माणूस गावाहून परत यायचं आहे. घरी कोणीतरी असायला हवं."